कामाची चाळिशी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत असत. मी जन्मभर मराठी शिकवले. त्यामुळे त्यांच्या नावाने बोलण्यासाठी माझी निवड झाली तेव्हा संकोच वाटला. ज्ञानेश्वरीवर किंवा ग्वाल्हेरच्या मराठी कवितेवर बोलावे, असे काही मित्रांनी सुचवले. परंतु गुरुजींनी मला १९६२ साली एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे नीट उत्तर मी अद्याप दिलेले नाही. आज ते देण्याचा यत्न करतो.

माझे वडील या शहरातल्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांनी पन्नाशी गाठली होती. एके दिवशी लेथवरचे हत्यार बोथट झाले म्हणून ते एमरीच्या चाकावर धार लावायला गेले. चाकाचा की पोलादाचा, एक कण उडाला आणि डाव्या डोळ्यावर आला. डॉक्टरांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग तो डोळा काढला. एका डोळ्याला खोल जखम झाली की कधीकधी दुसराही धडधाकट डोळा सुजून निकामी होतो, म्हणून उजवा वाचवण्यासाठी डावा द्यावा लागला. आठ-दहा दिवसांनी मी शाळेत आलो. गुरुजींनी मला जवळ बोलावले आणि हलक्या आवाजात विचारले, "तुझे वडील त्या वेळी चष्मा काढून काम करत होते, की गॉगल काढून?"

मला प्रश्नच कळला नाही. बारा वर्षांच्या मुलाला चष्मा आणि गॉगल यांत फरक तो काय वाटणार? संध्याकाळी मी घरी विचारले, "नाना, तुम्ही काय काढलं होतं?" नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गॉगल. तो चष्म्यावर बसत नाही रे. आणि चष्मा काढला तर धार दिसत नाही."

डोळ्यावर चष्मा होता. त्याची काच फुटली आणि तिचाच तुकडा आत गेला. जी वस्तू दिसावे म्हणून घातली होती तिनेच डोळा घेतला. हे असे का व्हावे, याचे उत्तर एका माणसाच्या निष्काळजीपणात नाही; ते बऱ्याच लांबच्या इतिहासात आहे.

*

आरंभ शब्दापासून करतो, कारण माझा तोच व्यवसाय. ग्वाल्हेरच्या बाजारात आपण 'चश्मा' म्हणतो. तो फारसी 'चश्म' म्हणजे डोळा, यावरून आला. मराठीने हा शब्द घेतला, पण त्याच्या जोडीला स्वतःचाही एक घडवला: चाळिशी. एकाच शब्दात वय, त्या वयात येणारे दृष्टीचे मांद्य आणि त्यावरचा उपाय, असे तिन्ही अर्थ नांदतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात दृष्टीचे मांद्य आणि चष्मा हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. 'चाळिशी लागली' आणि 'चाळिशी लावली' या दोन वाक्यांत एक व्याधी आहे आणि एक वस्तू. शरीरशास्त्राचे निरीक्षण इतके अचूक असलेले शब्द कोणत्याही भाषेत थोडेच सापडतील.

ते निरीक्षण आकड्यांत मांडले उत्रेख्त येथील नेत्रवैद्य डोंडर्स यांनी, १८६४ च्या ग्रंथात. डोळ्यातले भिंग लहानपणी लवचिक असते आणि वयाबरोबर ते ताठर होत जाते. त्यांच्या मोजमापानुसार दहा वर्षांच्या मुलाला सुमारे सात सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसते. चाळिशीत ते अंतर बावीस सेंटिमीटरच्या आसपास जाते, पन्नाशीत चाळीसवर आणि साठीत जवळजवळ एक मीटरवर. हा रोग नव्हे. केस पिकावेत तसा हा कालक्रम आहे. राजाला आणि रंकाला, पंडिताला आणि पाथरवटाला तो सारखाच लागतो.

पण उपाय मात्र सर्वांकडे सारखा गेला नाही. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाला. त्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्र त्रेव्हीझो येथील १३५२ चे भित्तिचित्र आहे, आणि त्यात चष्मा लावून बसलेला मनुष्य लिहिणारा धर्मपंडित आहे. आपल्याकडेही तसेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी जिलेबीपासून तंबाखूपर्यंत नित्याच्या वस्तूंचे इतिहास धुंडाळले. त्यांनी चष्म्याचाही माग काढला. विजयनगरच्या काळातले माध्व आचार्य व्यासतीर्थ १५२० च्या सुमारास ग्रंथवाचनासाठी चष्मा वापरीत, असा दाखला त्यांच्या संस्कृत चरित्रकाव्यावरून दिला जातो. तेव्हा भारतातला चष्म्याचा हा प्राचीन धारक पोथी वाचणारा यती आहे. चाळिशी ही मुळात पोथीची चाळिशी. ती मांडीवर किंवा व्यासपीठावर ठेवलेल्या पानाच्या अंतरासाठी, शांत बसलेल्या माणसासाठी घडली.

दोन नंबर एकाच चौकटीत बसवण्याची कल्पनाही बैठकीतलीच. बेंजामिन फ्रँकलिन यांनी मे १७८५ मध्ये आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तिचे वर्णन आहे. त्या वेळी ते ७९ वर्षांचे होते आणि पॅरिसजवळ पासी येथे राहत होते. लांबचा आणि जवळचा असे दोन चष्मे बदलण्याचा कंटाळा येऊन त्यांनी दोन्हींची भिंगे अर्धी कापून एकाच वर्तुळात बसवून घेतली: वर लांबचे, खाली जवळचे. त्यांना त्याचा लाभ जेवणाच्या मेजावर झाला. ताटातले दिसे आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसे. परकी फ्रेंच भाषा कळायला चेहऱ्याच्या हालचालींची मदत होई. गंमत अशी की फ्रँकलिन हे मूळचे मुद्रक, खिळे जुळवणारे कारागीर; तरीही बायफोकलची जन्मकथा छापखान्यातली नाही, मेजवानीतली आहे.

*

आता ग्वाल्हेरकडे वळू. हे शहर दगडाचे आहे. मानसिंह तोमराचा मानमंदिर प्रासाद, सोळाव्या शतकातल्या मुहम्मद गौस यांच्या कबरीवरच्या दगडी जाळ्या, हे सारे छिन्नीचे काम. एकेका जाळीत किती हजार घाव असतील आणि किती कपच्या उडाल्या असतील! पाथरवटाचे संरक्षण एवढेच की तो मान तिरकी करतो, डोळे किलकिले करतो आणि छिन्नीचा कल बाहेरच्या बाजूस ठेवतो. म्हणजे पाहणे थोडे कमी करून तो डोळा वाचवतो. दिसणे आणि वाचणे यांतला हा जुना सौदा आहे. जाळ्यांची नोंद सर्वांनी ठेवली. त्या घडवताना कोणाचे डोळे गेले याची कोणी ठेवली नाही.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये येथे पडली आणि तिचेच 'लष्कर' शहर झाले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या छावणीबरोबर आले. ते मुख्यतः शिपाई, कारकून आणि भिक्षुक. यंत्र या शहरात आले ते माधवराव महाराजांच्या काळात. त्यांना आगगाडीचे वेड होते. जयविलास प्रासादातल्या भोजनमेजावर फिरणारी चांदीची गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. पण त्याच वेडातून दोन फूट रुंदीच्या रुळांची खरी रेल्वेही झाली. भिंड आणि शिवपुरी हे फाटे १८९९ मध्ये सुरू झाले, शेवपूरपर्यंतची सुमारे दोनशे किलोमीटरची वाट १९०९ पर्यंत पुरी झाली. ती छोटी गाडी २०२० मध्ये थांबली आणि तेथे रुंद रूळ घालण्याचे काम सुरू झाले. १९२१ मध्ये बिर्लांची जियाजीराव कापड गिरणी उभी राहिली. गिरणीचा भोंगा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडला, पण त्याच्यावर घड्याळ लावणारी माणसे या सभागृहातही असतील.

रेल्वेबरोबर लेथ, घण, रिव्हेट आणि एमरीचे चाक आले. गिरणीबरोबर धोटा आला. मागावरचा सुटलेला धोटा विणकराच्या तोंडावर येई, आणि तुटलेला सूत फणीतून ओवायला त्याच विणकराला जवळचे बारीक दिसावे लागे. येथे चाळिशीला पहिल्यांदा नवा प्रश्न पडला. पोथी वाचणाऱ्याच्या डोळ्यावर पोथी उडून येत नाही. यंत्रावरच्या माणसाला ज्या वस्तूकडे निरखून पाहायचे असते तीच वस्तू त्याच्यावर चालून येते.

कार्यशाळेने डोळ्यांचे किती नुकसान केले त्याची एक गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण तिच्याकडे आपण या दृष्टीने पाहत नाही. लुई ब्रेल यांचे वडील घोड्यांचे साज शिवणारे कारागीर होते. १८१२ मध्ये तीन वर्षांचा लुई त्यांच्या कार्यशाळेत आरीशी खेळत असता ती डोळ्यात गेली. जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला. अंधांच्या लिपीचा उगम अशा एका कार्यशाळेत आहे.

*

कायद्याने या प्रश्नाची दखल घ्यायला वेळ लावला. ब्रिटिश हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याचे मुख्य लक्ष मुलांच्या कामाच्या तासांकडे होते. संस्थानांना ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना अधिनियम आला आणि १ एप्रिल १९४९ पासून अंमलात आला. संस्थाने विलीन झाल्यावर तो आपल्या गिरणी-कारखान्यांपर्यंतही पोचला. त्याचे ३५ वे कलम खास डोळ्यांसाठी होते. कामात कण किंवा तुकडे उडत असतील, अथवा प्रखर प्रकाशाने डोळ्यांना अपाय होत असेल, तर त्या कामावरच्या आणि त्याच्या अगदी जवळ असणाऱ्या माणसांसाठीही प्रभावी पडदे किंवा योग्य गॉगल पुरवणे नियमाने बंधनकारक करता येई. शेजारच्या माणसाचाही विचार करणारे हे कलम सुज्ञपणे लिहिलेले होते. पुढे हा अधिनियम इतर अनेक कायद्यांसह २०२० च्या संहितेत सामावला गेला.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मी या कलमातल्या एका विशेषणापाशी थांबतो: 'योग्य'. योग्य गॉगल म्हणजे कोणाला योग्य? कामाला योग्य, हे खरेच. पण डोळ्याला? साठाव्या वर्षाच्या आत निवृत्ती धरली तरी कामगाराच्या नोकरीची निम्मी वर्षे चाळिशीनंतरची असतात. आणि कारखान्यात सर्वांत बारीक माप ज्याच्या हाती सोपवतात तो अनुभवी, म्हणजेच चाळिशी उलटलेला कामगार असतो. गॉगल मात्र पंचविशीतल्या डोळ्यासाठी घेतलेला: सपाट काचेचा, चष्म्यावर न बसणारा, बसला तर घामाने धूसर होणारा. नानांपुढे दोन पर्याय होते: वाचायचे किंवा दिसायचे. माप चुकले तर फोरमन त्याच दिवशी विचारणार. डोळा जाण्याचा प्रसंग कदाचित कधीच येणार नाही. त्यांनी जे निवडले ते त्यांच्या जागी बहुतेकांनी निवडले असते.

यात थट्टेचाही भाग होता. बाजूने कण येऊ नये म्हणून काही गॉगलांना कडेला झापडे असत. ती लावली की सोबती म्हणत, "आला टांग्याचा घोडा!" लष्करच्या रस्त्यावर टांगे होते, उपमा तयारच होती. टांगेवाला घोड्याला झापडे लावतो ती त्याला बाजूचे दिसू नये म्हणून. कामगाराची झापडे बाजूचे लागू नये म्हणून. पण थट्टेला हा भेद कळत नाही.

*

मग योग्य चष्मा निवडायचा कसा? सभेत अनेक माजी विद्यार्थी स्वतःचे वर्कशॉप चालवतात, काही निवृत्तीनंतर घरीच सुतारकाम, लेथकाम करतात. म्हणून इतिहास थोडा बाजूला ठेवून हे सांगतो.

पहिली गोष्ट अंतराची. चष्म्याचा नंबर डायॉप्टरमध्ये असतो, आणि त्याचे गणित शाळकरी मुलालाही येते: एकाला मीटरमधल्या अंतराने भागा. चाळीस सेंटिमीटरवरचे पुस्तक वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. पण लेथवर उभ्या असलेल्या माणसाचे काम डोळ्यापासून साठ-पासष्ट सेंटिमीटरवर असते. तेथे दीड-पावणेदोन पुरतात. वाचनाचा नंबर घालून तो लेथवर गेला तर काम धूसर दिसते आणि तो नकळत पुढे वाकतो. वाकला की चेहरा उडणाऱ्या किसाच्या आणखी जवळ. म्हणून चष्मेवाल्याकडे जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या कामाचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहून न्यावे. वाचण्याची चाळिशी आणि कामाची चाळिशी एक नव्हे.

दुसरी गोष्ट बायफोकलच्या रेघेची. खालचा तुकडा खाली पाहून करायच्या कामाला सोयीचा. पण गाडीखाली शिरून वर पाहणाऱ्या फिटरला किंवा शिडीवरच्या वायरमनला तो निरुपयोगी; तो मान मागे टाकून खालच्या तुकड्यातून वर पाहू लागतो आणि संध्याकाळी मान धरते. अशांसाठी वरच्या बाजूलाही जवळचा तुकडा असलेली भिंगे करून मिळतात. जिना उतरताना खालच्या तुकड्यातून पायरी धूसर दिसते हेही ध्यानात ठेवावे. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या रेघ नसलेल्या भिंगांत सर्व अंतरे येतात, पण कडेला प्रतिमा वाकते. ज्याला सरळ रेषेवर डोळा ठेवून काम करायचे त्याने ती आधी कामावर पारखून घ्यावीत.

तिसरी गोष्ट भिंगाच्या द्रव्याची. नानांच्या प्रसंगाचे मर्म येथे आहे. साध्या काचेचा चष्मा हे कवच नव्हे. तापवून एकदम थंड केलेली कठीण काच अधिक टिकते, पण आघात मोठा झाला तर तीही फुटते. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी पॉलिकार्बोनेट सापडले. ते काचेसारखे तडकत नाही; लवते, खड्डा पडतो, पण सहसा फुटत नाही. त्यावर चरे लवकर उठतात, म्हणून कोरड्या फडक्याने धूळ घासू नये; आधी पाण्याने धुवावे.

मात्र 'न फुटणारा चष्मा' एवढे ऐकून समाधान मानू नये. अमेरिकेत १९७२ पासून साध्या चष्म्याच्या भिंगालाही एक परीक्षा लावली: पाच अष्टमांश इंचाची पोलादी गोळी पन्नास इंचांवरून त्यावर सोडायची. ती भिंगावर आदळते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे सोळा फूट असतो. कारखान्यातल्या तीव्र आघाताच्या परीक्षेत पाव इंचाची गोळी सेकंदाला दीडशे फूट वेगाने मारतात. गोळी लहान, पण तिची ऊर्जा पहिलीच्या पाचपटींहून अधिक. घरच्या चौकटीत मजबूत भिंग बसवले तरी काम भागत नाही, कारण आघाताने भिंग चौकटीतून निसटून डोळ्यावर येऊ शकते. चौकट, भिंग आणि बाजूची झापडे हे सारे मिळून संरक्षण होते, आणि म्हणून त्यावरची मानकाची खूण पाहून घ्यावी. आपल्या देशात डोळ्यांच्या संरक्षकांसाठी आयएस ५९८३ हे मानक आहे. वेल्डिंगचा प्रकाश ही वेगळी बाब. त्याला गडद गाळणीची काच लागते, साधा रंगीत गॉगल चालत नाही. तप्त काचेच्या भट्टीपुढे काम करणाऱ्यांना मोतीबिंदू होई, म्हणून सर विल्यम क्रुक्स यांनी १९१३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे खास काचा मांडल्या. प्रकाश अडवणे आणि कण अडवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत.

*

आपल्या उद्योगाच्या इतिहासात डोळ्याने एकदा मोठी उलथापालथ केली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळले, तेव्हा त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटन धरले. पुढे नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी आली. डोळ्यातले वैगुण्य वेळेवर ओळखले गेले आणि काम डोळ्याप्रमाणे बदलले, म्हणून हे घडले. सामान्य कामगाराच्या बाबतीत आपण उलट करतो. काम तसेच ठेवतो आणि डोळ्याने जमवून घ्यावे अशी अपेक्षा धरतो.

मराठी साहित्यात आजोबांच्या चाळिशीचा उल्लेख पुष्कळ सापडतो. ती पंचांगावर ठेवलेली असते, दोऱ्याने कानाला बांधलेली असते, नातवंडे ती लपवतात. कामगाराची चाळिशी मला मात्र फारशी आढळली नाही. मीही पस्तीस वर्षे वर्गात चाळिशी लावून कविता शिकवल्या आणि 'चाळिशी' या शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहून दिले. घरातल्या एका डोळ्याचा संबंध त्या शब्दाशी आहे, हे मला कधी सुचले नाही. ही माझी चूक मी येथे कबूल करतो.

अपघातानंतर नाना भांडारात कामाला लागले. उजव्या डोळ्याला चष्मा, डाव्या बाजूला दुधी काच. लेथवर पुन्हा गेले नाहीत. गुरुजी एकदा घरी आले. दोघे बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर आमच्या हस्तव्यवसायाच्या वर्गात एक बदल झाला. सहाणेच्या चाकाजवळ जाण्यापूर्वी गुरुजी प्रत्येक मुलाला गॉगल चढवायला लावीत, आणि ज्यांना चष्मा होता त्या दोघातिघांना तो चष्म्यावर घालून समोरच्या पट्टीवरचे माप मोठ्याने वाचायला सांगत. वाचता आले नाही तर त्या मुलाला चाक नाही. आधी दुसरा गॉगल शोधायचा. आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटे. कायद्यातल्या 'योग्य' या शब्दाचा अर्थ तो हाच, हे आज कळते.

गुरुजी, उत्तर असे आहे: त्यांनी गॉगल काढला होता, कारण त्यातून माप वाचता येईल की नाही हे त्यांना कोणी कधी विचारले नव्हते.

माझ्या माजी विद्यार्थिमित्रांना एवढीच विनंती. तुमच्या हाताखाली चाळिशी उलटलेला एखादा कारागीर असेल, तर उद्या त्याला गॉगल चढवून समोरचे माप वाचायला सांगा. आणि तुम्ही स्वतः त्या वयाचे असाल, तर आधी स्वतः वाचून पाहा.